वरचा टप्पा

सोमेश्वर गेला तेव्हा प्रकल्पाचा आराखडा अर्धाच झाला होता.

गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या खाडीत गाळाचे नमुने घ्यायला तो आषाढात आंध्रात गेला होता. मुखाजवळच्या लाटांत नाव उलटली. नावाडी वाचला. सोमेश्वर दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला गावी, वाटूरला, आणलं तेव्हा भार्गवी पुण्याहून येऊन त्याच्या अंगणात उभी होती. त्याच्या आईने, तुळजाबाईंनी, तिला एकच विचारलं, "समुद्रात काय काम होतं माय त्याचं? आपुन शेती करणारे लोक."

उत्तर भार्गवीला पाठ होतं, कारण सोमेश्वरने ते शंभरदा ऐकवलं होतं. दोघं जालन्याच्या कॉलेजात एका बाकावर बसलेली. पुढे तो गाळाचा अभ्यासक झाला, ती त्या गाळात राहणाऱ्या खेकड्यांची आणि किड्यांची. त्याचं उत्तर असं: वाटूरच्या ओढ्याचं पाणी दुधनेत जातं, दुधनेचं पूर्णेत, पूर्णेचं गोदावरीत. पूर्वी त्याबरोबर इथली काळी मातीही हजारेक किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत जायची आणि खाडीकाठची जमीन भरून काढायची. आता ती धरणांत अडते, आणि खाली समुद्र जमीन खात चाललाय. "खाडीचा आजार नुसता खाडीत शोधून कळणार नाही," तो म्हणायचा, "वर यावं लागेल." चार संस्थांना त्याने या एका कामासाठी महत्प्रयासाने एकत्र आणलं होतं. आखणीची पहिली बैठक जालन्यात घ्यायची, हा हट्टही त्याचाच. समुद्राची माणसं एकदा तरी इथली माती बघतील, म्हणून.

दिवाळीनंतर भार्गवीने ती बैठक ठरल्याप्रमाणे घेतली. नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका हॉटेलचा हॉल. गोव्याहून सरोजिनी मॅडम आल्या होत्या. भार्गवी आणि सोमेश्वर, दोघांनाही त्यांनीच शिकवलेलं. प्रकल्पाच्या प्रमुख त्याच होत्या. बाकीची मंडळी विशाखापट्टणम, हैदराबाद, कोलकात्याची.

सोमेश्वरचे वडील कारभारी येतील असं भार्गवीला वाटलं नव्हतं. ते आले. पांढरं धोतर, टोपी, हातात जड पिशवी. "सोम्याच्या कामाची मीटिंग हाय म्हणं. बसलो तर चालंल ना?" असं विचारून ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

बैठक इंग्रजीत चालली. खाडीत नमुने कुठे घ्यायचे, खारफुटीचा अभ्यास कोणी करायचा, भरती-ओहोटीची मोजणी कोणाकडे, हे दुपारपर्यंत ठरत गेलं. मग भिंतीवर नकाशाचा वरचा भाग आला. दुधना, पूर्णा, ओढे. सोमेश्वरने लाल ठिपके दिलेल्या जागा.

सरोजिनी मॅडम म्हणाल्या, "हा वरचा टप्पा सोमेश्वरचा होता. आता हा कोण उचलणार?"

हैदराबादच्या माणसाने मान हलवली. त्याच्याकडे माणसंच नव्हती. विशाखापट्टणमच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की निधी देणाऱ्यांच्या परीक्षकांनी आधीच कळवलंय, प्रस्ताव किनाऱ्यापुरता ठेवा, नाहीतर परत पाठवू. कोणीही वाईट बोललं नाही. प्रत्येक जण सोमेश्वरचं नाव घेत होता, त्याच्या कल्पनेचं कौतुक करत होता, आणि ती कल्पना हळूहळू बाजूला सरकत होती.

"भार्गवी, तू घेशील?" मॅडमनी विचारलं.

"मला गाळातलं जेवढं कळतं तेवढ्यावर नाही होणार," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिने हो म्हटलं असतं तर वर्षभरात तो टप्पा कोसळला असता आणि बाकीच्यांचं कामही अडलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "मग सध्या वगळू या. प्रकल्प त्याच्या स्मृतीला अर्पण करू." सगळ्यांनी मान डोलावली. कारभारींना इंग्रजी येत नव्हतं. पुन्हा पुन्हा मुलाचं नाव कानावर पडताना त्यांचा चेहरा उजळला होता. लोक उठायला लागले तसे ते पिशवी घेऊन पुढे आले आणि टेबलावर एकेक बाटली मांडू लागले. कोल्ड्रिंकच्या, पाण्याच्या, एक काकवीची. प्रत्येकीत वर नितळ पाणी, तळाला काळा गाळ.

"सोम्यानं सांगितल्तं," ते म्हणाले, "बाबा, ओढ्याला पूर आला की बाटली भरून ठेवत जा, मला लागंल. औंदा तो न्हाई, पण पूर तर आलेच ना. मी भरून राह्यलो बराबर. एक पूर सोडला न्हाई."

भार्गवीने बाटल्यांकडे पाहिलं. कुठली कोणत्या पुराची, काही कळायला मार्ग नव्हता. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचा काही उपयोग नव्हता. सरोजिनी मॅडमनी चष्मा काढून पुसला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "बाबा, आम्ही या नेतो." त्यांनी खरोखरच त्या आपल्या गाडीत ठेवून घेतल्या.

संध्याकाळी भार्गवी कारभारींना सोडायला वाटूरला निघाली. मंठा रोडला लागेपर्यंत ते बोलतच होते. "लई लोकं आल्ते. दूरदूरचे. सगळे सोम्याचं नाव घेत होते. आता पुढच्या पावसाळ्यात मी त्या पुलाखालचं पाणी पण भरतो. तिथं धार मोठी असती."

तिने गाडी चालवत राहायचं ठरवलं होतं. बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. पण पुलाखालची धार डोळ्यांपुढे आली आणि त्या धारेत वाकलेला म्हातारा दिसला. तिने गाडी कडेला घेतली.

"काका, एक सांगायचंय. तो इकडचा भाग आता होणार नाही. ओढ्याचा, दुधनेचा. तो काढून टाकला आज. काम फक्त खाली समुद्राजवळ होणार."

कारभारी समोर बघत राहिले. "मंग नाव घेत होते ते?"

"ते त्याच्याबद्दल चांगलंच बोलत होते. पण हे काम करायला आता माणूस नाही."

"म्हंजे पाणी नको."

"नको, काका."

त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "चल. तुळजा वाट बघत असंल."

घरी त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि न जेवता आत जाऊन पडले. तुळजाबाईंनी भार्गवीला चुलीपाशी बोलावलं. काय झालं ते ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाऊस लागला की हा माणूस उठून उभा राहायचा. तेवढं एक होतं. न सांगता राहिली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"पुलाखाली जातो म्हणत होते, काकू."

"गेले असते. मी सोबत गेले असते."

तुळजाबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं, आणि ती जेवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या. पण त्या रात्री पुन्हा तिच्याशी बोलल्या नाहीत.

प्रस्ताव मंजूर झाला. पहिल्या पानावर सोमेश्वरचं नाव छापलं गेलं. पुढच्या आषाढात भार्गवी खाडीवर जायला निघाली, त्याच खाडीवर. आदल्या दिवशी तिने वाटूरला फोन लावला. उचलला तुळजाबाईंनी. पाऊस आहे, कापूस लावून झाला, एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तू कुठं हायेस?" तिने सांगितलं. मग फोन दुसऱ्याच्या हातात गेल्याची खरखर झाली.

"पोरी," कारभारी म्हणाले. त्या संध्याकाळनंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. "पोहता येतं का तुला?"

"नाही, काका."

"सोम्याला येत होतं," ते म्हणाले, आणि फोन पुन्हा तुळजाबाईंकडे दिला.