कातळावरची उडी

दोन हिवाळे बर्फच पडला नाही, म्हणून रोझने भरवलेली मुलांची स्की स्पर्धा दोनदा रद्द झाली. यंदा मात्र न्यूझीलंडच्या त्या डोंगरावर रात्रीत गळ्याइतका बर्फ साचला. मुख्य परीक्षक रोझ, वय छप्पन्न, सकाळपासून नुसती हसत सुटली होती.

खाली उतरायची वाट ज्याची त्याने निवडायची. बारा वर्षांच्या कहुरांगीने थेट मोठ्या कातळाची निवडली. किंचाळतच तिने उडी घेतली आणि धप्पकन बर्फात गडप झाली. दिसत होतं फक्त लाल हेल्मेट.

"पडली! गुण काप," दुसरा परीक्षक विरेमू म्हणाला.

"पडली कुठे रे? दुर्बीण नीट लाव. उभीच आहे ती!"

तेवढ्यात हेल्मेट हललं, पुढे सरकलं आणि बर्फ उधळत पोरगी खिदळत खाली आली.

"बरं बाई, नाही पडली," विरेमूलाही हसू आवरेना.

कहुरांगी पहिली आली. पदक घालताना रोझने हळूच विचारलं, "कसं वाटलं गं?"

"सांगून नाही कळायचं, मावशी. चल ना!"

अर्ध्या तासाने दोघी कातळाच्या टोकावर होत्या. रोझने खाली वाकून पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

"एक, दोन..." कहुरांगीने मोजायला घेतलं, आणि तीन म्हणायच्या आत रोझने उडी टाकली.