रेषेवरचा पाय

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलाय, पण नजर अजून साफ आहे. कारखान्यातून निघालो, भोरच्या बाजारपेठेत आलो आणि शेफालीताईंच्या हाती पडलो. त्या इंटरनेटवर खेळांच्या बातम्या देत. गावोगावच्या मैदानांवर त्या मला स्टँडवर उभं करत. मी सामना दाखवायचा आणि लोकांनी घरबसल्या बटण दाबून कौल द्यायचा: बाद की नाबाद? तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं.

यंदा वेल्ह्यात मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना झाला. विंझरच्या मंगलने शेवटच्या चढाईत गडी टिपला आणि बाहेरच्या रेषेच्या कडेकडेने ती परतली. पंचांनी नाबाद दिलं. विंझर जिंकलं.

संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी तिला बाद ठरवलं होतं. कुणी तिला लबाड म्हणत होतं, कुणी पंचांना शिव्या घालत होतं. शेफालीताईंना पहिला संशय माझाच आला. "म्हातारा झालाय, धूसर टिपलं असेल," म्हणत त्यांनी माझी काच पुसली. मला मात्र कुमारचा संशय येत होता. कुमार ताईंच्या हाताखाली काम करायचा. सामना संपताच त्यानेच माझ्यातल्या चित्रणाचा एक तुकडा कापून कौलाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी मंगल भोरला ताईंकडे आली. ताईंनी "बस" म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, तुमच्यामुळं लोकं मला लबाड म्हणत्यात. घरचे म्हणत्यात, आता खेळू नगं. म्या काय बी लबाडी केली न्हाई."

ताईंनी माझ्यातला मूळ सामना सावकाश पुढे सरकवला. मंगलचा पाय रेषेच्या वर अधांतरी होता. कुमारचा तुकडा तिथेच संपला होता. माझ्यात पुढचा क्षण होता. पाय आतच टेकला होता.

"हे का कापलंस, कुमार?"

"वाद असला की लोक येतात, ताई. नाहीतर कोण बटण दाबतंय?"

ताईंनी त्याला काढलं, कौल बंद केला आणि माफी मागून अख्खी चढाई दाखवली. ती बघायला फार थोडे आले. मंगलच्या घरचे मात्र त्यांत होते.

मित्रांनो, माझी काच नाही जपलीत तरी चालेल, पण बोट टेकवण्याआधी पुढचा क्षण बघत जा.

पुढच्या सामन्याला मंगल उतरली. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आधी त्याला पिशवीत घाला, ताई. मगच खेळंन."

ताईंनी घातलं. अंधारात पडून मी तिचा दम ऐकत राहिलो. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. कशासाठी, ते मला दिसलं नाही.