सुसरबाईच्या रक्तातले निळे ठिपके

जाळेवाल्याची बायको दातांनी शिसं चावायची, आणि जाळेवाला हे लोकांना असं ऐकवायचा, जणू दात त्याचेच आहेत.

मासेमारीच्या जाळ्याच्या कडेला वजनासाठी शिशाच्या चिरलेल्या गोळ्या लावतात. चिरेत दोरी घालायची आणि गोळी दाबून बंद करायची. बाकीचं जग त्यासाठी पक्कड वापरतं. ही बाई वीसेक गोळ्या तोंडातच ठेवायची, जिभेने एकेक पुढे ढकलायची आणि कट्! पक्कडवाल्याची पहिली गोळी निसटून मोरीत जाईपर्यंत हिचं अर्धं जाळं झालेलं असायचं. म्हणून तिचं नाव पडलं सुसरबाई. हाताखालच्या तीन बायकांनाही तिने ही विद्या शिकवली होती.

तीन वर्षांपूर्वी ती फिकी पडली. जिना चढताना धाप लागायला लागली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. यंत्राने छापलं, लाल पेशी लहान आणि फिक्या. डॉक्टरांना तेवढं पुरलं. या गृहस्थाला चुना लावलेली भिंत दाखवली तरी तो तिला लोहाच्या गोळ्या लिहून देईल.

"बायकांचं असंच असतं," ते म्हणाले. त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र या तीन शब्दांत मावायचं.

तीन वर्षांत सुसरबाईने इतकं लोखंड खाल्लं, की ती शेजारून गेली तर होकायंत्राचा काटा उत्तर सोडून तिच्यामागे जायचा. पेशी मात्र होत्या तशाच. डॉक्टरांनी यावर खोल विचार केला आणि गोळ्या दुप्पट केल्या.

मग पोटात कळा सुरू झाल्या. आतडी कुणी पिळून वाळत घालतंय अशा. हॉस्पिटलात वरून दुर्बीण घालून झाली, खालून घालून झाली, काही सापडलं नाही. सर्जन म्हणाले, "फिकी आहे, पोट दुखतंय, म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. गुरुवारी दहाला उघडून बघू."

उघडून बघू! बाई आहे की ट्रंक? जाळेवाल्याने कागदावर सही केली. त्याला वाचता येत होतं, पण त्याने तो त्रास घेतला नाही.

ऑपरेशनआधीचं रक्त तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेलं. लॅबचे साहेब यंत्राच्या कागदावर न बघता शिक्का मारायचे. एकदा तर त्यांनी चहाच्या यादीवरही 'तपासले' असा शिक्का मारला होता. यंत्र आल्यापासून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं काम बंद होतं. ते काम करणाऱ्या मावशींचं टेबल हात धुवायच्या बेसिनशेजारी ढकललेलं. मावशींना तो आकड्यांचा डबा मुळीच मंजूर नव्हता. त्या प्रत्येक रक्ताची काच करून बघायच्याच.

"साहेब, हिचा लोहाचा साठा कधी मोजलाय?"

"कशाला? पेशी लहान आणि फिक्या म्हणजे लोह कमी. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल."

"पहिल्या वर्षाचं पोरच सांगेल. बाकीची कारणं दुसऱ्या वर्षी शिकवतात. तेव्हा तुम्ही रजेवर होता का?"

उरलेल्या रक्तातून मावशींनी साठा मोजवून घेतला. कोठार गच्च भरलेलं! लोह होतं, पण त्याचं रक्त होत नव्हतं. शिवाय काचेवर काही पेशींमध्ये बारीक ठिपक्यांसारखं काहीतरी दिसत होतं, पण गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीतल्या रक्तात ते धड दिसेना. मावशी सुई आणि काच घेऊन तडक वॉर्डात गेल्या.

"बोट दे गं. आणि सांग, घरात आणखी कुणाचं रक्त असं? आई, भाऊ?"

"नाही हो मावशी. थोरल्याच्या वेळी माझंही चांगलं होतं. कागद आहे ना पिशवीत."

कागदावर पेशी चांगल्या भरलेल्या होत्या. म्हणजे हे जन्मजात नव्हतं. जुनाट ताप नाही, सांधे सुजलेले नाहीत, बरेच दिवस मुरलेला कुठला आजार नाही. बोटाच्या ताज्या रक्तावर मात्र लाल पेशींत निळे ठिपके स्पष्ट होते, लेखणी झटकल्यासारखे.

"काम काय करतेस?"

सुसरबाईला तेवढ्या कळांतही हुरूप आला. पदराच्या गाठीत गोळी होतीच. तिने ती दातात धरली. कट्! मावशींनी तिचा ओठ वर उचलला. हिरडीच्या कडेने निळी रेघ.

"थुंक आधी! तू शिसं खातेस आणि हे शहाणे तीन वर्षं तुला वरून लोखंड वाढतायत. शिसं असलं की लोह असूनही रक्ताला ते वापरता येत नाही. पोटातल्या कळाही त्याच्याच."

सर्जन म्हणाले, "ठिपक्यांवर मी ऑपरेशन थांबवू?"

"मग शिसं मोजा. माझं चुकलं तर तुमची सुरी कुठे पळून जात नाही."

रक्त मोठ्या लॅबला गेलं. गुरुवारी साडेनऊला वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन दाराशी आला आणि मागोमाग फोन आला. रक्तात इतकं शिसं होतं, की पलीकडच्या माणसाने आकडा दोनदा वाचला. सर्जननी टोपी काढली. ऑपरेशन रद्द. शिसं बाहेर काढणारं औषध लावायचं ठरलं.

तेवढ्यात नाक्यावरचे डॉक्टर पेशंट बघायला उगवले. "मला शंका होतीच," ते म्हणाले.

"शंका होती, मग तीन वर्षं सांभाळून कुणासाठी ठेवली होतीत?" मावशी म्हणाल्या.

सुसरबाईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती खाटेशी बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो, उठा. घरी जा. त्या तिघींच्या तोंडातल्या गोळ्या आधी थुंकायला लावा आणि त्यांना इकडे घेऊन या. तिघींनाही. मी शिकवलंय त्यांना."

"आत्ता? आणि जाळी? पुढच्या आठवड्यात द्यायची आहेत."

तिने फक्त दात दाखवले, सगळे. जाळेवाला चपला घालायच्याही विसरला आणि धावत सुटला.