‘बरं हाय’चा रकाना

वातीच्या स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि हातातला कागद ठेवून मी धावले. दूध वाचलं. पलंगावरच्या आक्कानं नुसती कूस बदलली. आमच्या पाच वर्षांच्या लेकीला आम्ही लाडानं आक्काच म्हणतो. ती दुपारची झोपते तेवढा दीड तास माझा. मंगळवार पेठेतल्या या एका खोलीत, धान्याच्या डब्यांवर फळी टाकून, अशाच दीड-दीड तासांत माझा प्रबंध लिहून झालाय.

मी नर्सिंगच्या शाळेत शिकवते. विषय घेतला होता परिचारिकांचं कामाच्या ठिकाणचं स्वास्थ्य. आमच्या हॉस्पिटलातल्या साठ जणींना गाठून फॉर्म भरून घेतले. चव्वेचाळीस समाधानी, अकरा साधारण, पाच असमाधानी. तक्ता टाईप होऊन आलाय. सोमवारी मुंबईला धाडायचा.

चौदा नंबरचा फॉर्म नजीराचा. समाधानी.

नजीरा गेल्या बुधवारी गेली. लागोपाठची दुसरी ड्यूटी करताना वॉर्डातच कोसळली. सव्वीस वर्षांची होती. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, हे आम्हा सगळ्यांना नंतर कळलं. हॉस्पिटलातच काम करणाऱ्या मुलीचं.

तिचा फॉर्म भरला तेव्हा ती उभ्याउभ्या गॉजच्या घड्या घालत होती.

“कामावरून घरी गेल्यावर थकवा जाणवतो का?” मी वाचलं.

“बाई, पयलं घरी तर जाऊ द्या. मग जाणवतोय का बघून सांगते की.”

दोघी हसलो.

“लिहू काय?”

“ल्ह्या, बरं हाय.”

“पाय सुजलेत गं तुझे.”

“चप्पल तंग हाय, बाई. ल्ह्या की, बरं हाय.”

मी लिहिलं, तिच्याच शब्दांत. आधीचं वाक्य लिहायला फॉर्मात जागा नव्हती. पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिनं तेच उत्तर दिलं. मुंबईच्या गाईडबाई म्हणाल्या होत्या, ‘बरं’ म्हणजे समाधानी धरा. त्या मुंबईच्या. मी तर गारगोटीची. घरात मयत झालेली असली तरी वाटेत कुणी विचारल्यावर तोंडातून आधी ‘बरं हाय’ निघणारी आमची माणसं. मला हे माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

शुक्रवारी तिच्या घरी गेले. तिच्या आई, शहाजादीबी, मला हाताला धरून चटईवर घेऊन बसल्या.

“जिना चढताना धापायची,” त्या म्हणाल्या. “रोज परातीत ऊन पाणी घेऊन पाय सोडून बसायची आन् रडायची. तुमास्नी बोलली आसंल की.”

“नाही बोलली.”

“तुमास्नी कशी बोलंल?” आवाजात राग नव्हता, तेच सोसेना. “तुमी तिच्या बाई. सिस्टरनं दमलो म्हणायचं न्हाय, आसं तुमीच शिकीवलतं म्हणं. मी सुट्टी काढ म्हटलं की मलाच सांगायची, आमच्या बाई आशा म्हणत्यात.”

म्हणते मी. दरवर्षी, पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला. चेहरा पाडायचा नाही, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचं. मुली वहीत उतरवून घेतात. आणि त्याच मुलींपुढं मी फॉर्म घेऊन उभी राहिले, खरं सांगा म्हणून.

नजीराचं मी गाईडबाईंना कळवलं होतं, आज त्यांचं पत्र आलं. मृत व्यक्तीचा फॉर्म वगळा, एकूण एकोणसाठ धरा, निष्कर्षात फरक पडत नाही. मी आकडेमोड करून बघितली. खरंच पडत नाही.

टाईप केलेला तक्ता मी फाडला. चव्वेचाळीस फॉर्म वेगळे काढले. या सगळ्यांना परत विचारायचं, हॉस्पिटलात नाही, त्यांच्या घरी जाऊन, आणि बोलतील ते सगळं लिहायचं, थट्टासुद्धा. सोमवार चुकणार, वर्ष वाया जाणार, तसं गाईडबाईंना लिहायला घेतलं. त्रेचाळीस जणींकडं जाता येईल. चौदा नंबरचा कागद कुठं ठेवावा ते कळेना. तो हातातच राहिला.

आक्का उठून कधी मांडीवर येऊन बसली, कळलं नाही.

“ह्यो कुणाचा कागद?”

“नजीरामावशीचा.”

इंजेक्शनची रिकामी खोकी खेळायला आणून देणारी मावशी आजारी होती, आता येणार नाही, एवढं तिला सांगितलं होतं. ती नुकतीच अक्षरं लावायला लागलीय. बोट ठेवून तिनं वाचलं, “ब... रं... हाय.” मग खालची ओळ. मग तिच्या खालची.

“सगळीकडं त्येच लिवलंय की.”

“मावशीनं तसंच सांगितलं, बाळा.”

ती पानाच्या तळापर्यंत बोट नेऊन थांबली. मग माझ्याकडं वळून बघितलं.

“आई, मग मावशी खोटं बोलली व्हय?”