घरपत्रिकेवरची पट्टी

सन २०१६. तुयेच्या कामगार दवाखान्यात नोंदी सांभाळणाऱ्या शालिनीबाईंनी टेबलावर हात आपटला, आणि त्यासरशी सेजल आणि सुदेशनं आपापल्या संगणकाची कळ एकदमच दाबली. चाचणीची ही तिसरी खेप होती.

सेजलनं एक रिकामी घरपत्रिका, म्हणजे एका घराची नोंद, काढून टाकली. सुदेशनं त्याच पत्रिकेत एका बाळाचं नाव घातलं. दोन्हीकडे ‘झालं’ असं उमटलं.

"आता त्या बाळाचां घर दाखय," शालिनीबाई म्हणाल्या.

नोंदींचा हा नवा प्रोग्राम सुदेशचाच. त्यानं शोध शोध शोधलं. बाळ होतं, घर नव्हतं. आणि पोलिओच्या डोसाची चिठ्ठी तर घराच्या पत्त्यावर जायची.

"बाय, मी दोनय कडेन तपासलंय," तो पुटपुटला. "पत्रिका रिकामी होती म्हणून काढली. पत्रिका होती म्हणून नाव घातलां."

"तपासलंस. धरून खंय ठेवलंस?"

वहीच्या काळात दर घराला एक पान असे, आणि पान उघडलं की त्यावर लाकडी पट्टी ठेवायची रीत होती. नाव घालणारी ठेवी, पान फाडणारीही ठेवी. दुसरीची पट्टी दिसली की थांबायचं, आणि ती उचलल्यावर पान नव्यानं वाचायचं.

मॅनेजर नितीन वैतागले. "हजारात एकदा घडतलां असलां! सोमवारी उद्घाटन आसा. सही करा, नायतर मार्चात घरी बसा."

"बसतंय. पण सही करूचंय नाय. त्या हजारातल्या एकाचो डोस चुकलो, तर त्याका तुमच्या दारात आणून ठेवू?"

नितीन दार आपटून गेले.

"तुमका कसां कळलां, बाय, नेमकां खंय चुकता तां?" सुदेशनं विचारलं.

शालिनीबाईंनी टेबलावरची जुनी लाकडी पट्टी पदरानं पुसली.

"मी एकदा पट्टी न बघता पान फाडलंय. माझ्याबरोबरची सत्यवती त्याच पानार एका बाळाचां नाव लिहिणार होती. त्या बाळाचो डोस चुकलो." त्यांनी पट्टी त्याच्यापुढं सरकवली. "चल, लिही परत."

उद्घाटन लांबलं. आठवड्यानं प्रोग्राम आधी पत्रिका धरू लागला, मग लिहू किंवा काढू लागला. दुसरा थांबे, आणि पुन्हा बघे. टेबल चाळीसदा वाजलं. एकही बाळ बेघर झालं नाही. तेव्हा सही झाली.

नितीन पुढं पणजीला गेले. सेजल मांद्र्याला गेस्टहाउस चालवते. सुदेशनं डिचोलीत स्वतःचं ऑफिस काढलं. पट्टी त्याच्या टेबलावर असते. शालिनीबाई मार्चात खरोखरच घरी बसल्या.

आणि विठू, एका पायानं लंगडणारा, तुयेतच फिटर आहे. दर चतुर्थीला त्याच्याकडं शालिनीबाईंकडून नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा येतो. दवाखान्यातल्या या जुन्या बाई तो आपल्यालाच का पाठवतात, हे त्याला अजून कळलेलं नाही.