मुनसिकचा निरोप

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरची, मिठागरात मीठ लोटायची जुनी फळी आहे. पाइनच्या लाकडाची, रुंद, आणि पुरुषभर उंच दांड्याची. बेटावरच्या सुताराने मला घडवलं तेव्हा मिठागराचा मालक मा गिचोल तोंड भरून म्हणाला होता, "ही वीस वर्षं मोडायची नाही!" मला केवढा आनंद झाला होता! कुणाच्या हातात जायचंय ते मात्र मी विचारलं नाही.

मी गेले मुनसिकच्या हातात. मुनसिक भोळा होता. वाचता यायचं नाही, बोलताना अडखळायचा. पोटभर जेवण आणि चांगलं काम मिळेल, असं सांगून एका दलालाने त्याला बेटावर आणून सोडलं, त्याला अकरा वर्षं झाली. उन्हं कलली की आम्ही दोघं उथळ वाफ्यांतलं मीठ लोटायचो. खाऱ्या पाण्याने त्याच्या तळहातांना भेगा पडायच्या आणि माझा दांडा लाल व्हायचा. पगार म्हणून त्याने कधी काही पाहिलं नाही. हात थांबले की पाठीत लाथ बसे.

एकदा तो बोटीच्या धक्क्यावर गेला होता. तिथल्या तिकीटवाल्याने त्याला बाकावर बसवलं, बार्लीचा चहा दिला आणि आत जाऊन मालकाला फोन केला. बेटावर तशीच रीत होती. मिठागरातल्या गड्याला मालकाला विचारल्याशिवाय तिकीट द्यायचं नाही. चहा संपायच्या आत मालकाची गाडी आली. त्यानंतर महिनाभर मुनसिक एका पायाने लंगडत होता.

सगळे आपापल्या घरी जातात त्या पितरांच्या सणाला आठवडा उरला असताना सोलहून क्योंगसुक नावाच्या एक काकू आल्या. मोठ्या मायाळू बाई. येताना मालकासाठी स्वतः केलेल्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा, डबा घेऊन आल्या होत्या.

"तुमच्या मिठाशिवाय माझी कोबी कुरकुरीत राहतच नाही बघा," त्या म्हणाल्या. "सुनेला सांगून ठेवलंय, मी मेले तरी मीठ इथूनच आणायचं!"

"मराल कशाला, काकू? अजून नातवंडांची लग्नं बघायचीत तुम्हाला!" मालक हसला आणि गोणी आणायला कोठारात गेला.

तेवढ्यात मुनसिक मला घेऊनच पुढे झाला. कोठाराच्या दाराकडे बघत तो अडखळत बोलला.

"काकू, कुन्सानच्या बाजारात माझी ताई आहे. सुन्जा. सुके मासे विकते. तिला सांगाल? म्हणावं, मुनसिकला घरी यायचंय."

"अरे बाळा! सांगते हं, नक्की सांगते."

अकरा वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. वेडी मी, मलाही वाटलं, सुटला आता.

गोण्या गाडीत चढल्या आणि काकू मालकाकडे वळल्या. त्यांच्या मनात पाप नव्हतं. घरच्या माणसाबद्दल घरच्या कर्त्याशीच बोलावं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"भाऊ, तुमच्या त्या गड्याला बहिणीची आठवण येतेय. सणाला चार दिवस सोडा की बिचाऱ्याला."

"कसली बहीण, काकू! डोक्याने कमी आहे तो. रस्त्यावर पडला होता, मी आणून पोसतोय."

"हो का? बाई गं! केवढं मोठं मन हो तुमचं!" काकूंचे डोळे भरून आले. मालकासोबत फोटो काढून त्या गेल्या. कुन्सानला कशाला जातील? बहीणच नव्हती ना!

सणाच्या आदल्या दिवशी मालकाने मुनसिकला दुसऱ्या बेटावरच्या मिठागरवाल्याच्या बोटीत बसवलं. त्याला वाटलं, ताईकडे चाललोय. जाताना त्याने मला हात केला. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही याचं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता माझा दांडा दुसऱ्याच्या हातात आहे. मालक त्याला नुसतं 'ए' म्हणतो. काकूंचं मीठ अजून जातं, आता त्यांच्या मैत्रिणीही मागवतात.

तुमच्याही घरात जिवापाड आवडणाऱ्या वस्तू असतील. त्या कुणाच्या हातून आल्या हे तुम्ही विचाराल, अशी आशा मी ठेवलेली नाही. विचारलंत तरी उत्तर मालकच देईल. एवढंच मागते. कधी कुणी हळूच म्हणालं की मला घरी जायचंय, तर ते त्याच्या मालकाला सांगू नका.