पाण्याला गळ

नळाला पाणी होतं म्हणायचं, इतकंच. म्हाताऱ्या बैलाच्या तोंडातून लाळ लोंबावी तशी एक तार खाली लोंबत होती, मध्येच तुटत होती, पुन्हा जुळत होती. वागियेमनं नळाच्या मानेवर एक चापट मारली.

"काय रे? तूपण तिकडचाच झालास?"

तिकडचा म्हणजे भिंतीपलीकडचा. भिंतीपलीकडे तिची सख्खी धाकटी बहीण रुसमिनी राहायची, आणि तिच्या अंगणातला नळ या ऐन कोरड्या दिवसांत असा धो धो वाहत होता, की मुद्दाम कुणाला ऐकवायला सोडलाय असं वाटावं.

वागियेमच्या अंगणात एकदा उकडलेलं तीन पिंपं सोयाबीन रात्रभर भिजून टम्म फुगलं होतं. चाळीस किलो. दुपार कलायच्या आत ते चोळून, टरफलं काढून, धुऊन पुन्हा चुलीवर चढायला हवं होतं. मग केळीच्या पानात बांधायचं, दोन रात्री उबेला ठेवायचं, की टेंपे तयार, आंबवलेल्या सोयाबीनच्या घट्ट वड्या. परवा आईचा हजारावा दिवस. हजाराव्या दिवशी गेलेलं माणूस उंबरा कायमचा सोडतं, मागे वळून बघत नाही. आईनं जन्मभर टेंपे करून दोन पोरी वाढवल्या होत्या. तिला निरोप द्यायचा तो बाजारच्या टेंप्यानं? त्यापेक्षा वागियेमनं स्वतःच उंबरा सोडला असता.

पिंपातल्या पाण्यावर फेस धरू लागला होता. आंबूस वास अजून कोवळा होता, पण वास काही कुणासाठी थांबत नाही.

पंप दुरुस्त करणारे पाक पोनिजान नऊच्या सुमाराला फटफटीवरून आले. वाकलेले, कोरडे, कानावर विझलेली लवंगी सिगारेट.

"पाणी चोरीला गेलंय," वागियेमनं दारातच सांगितलं. "चोर कोण ते विचारू नका. त्या भिंतीला विचारा."

"भिंत बोलते का, बु?" पोनिजाननी विचारलं. बाईमाणसाला आदरानं 'बु' म्हणायचं, बाप्याला 'पाक'.

"भिंतीमागची बोलते. सबंध दिवस बोलते."

त्यांनी आधी नळाचं तोंड उघडून आतली जाळी बघितली. जाळी स्वच्छ. मग पंपापाशी उकिडवे बसले. पंप सुरू व्हायचा, धापा टाकायचा, बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दाबाच्या काट्याला उठायचं त्राण नव्हतं. दाबाच्या टाकीच्या हवेच्या तोंडातली सुई त्यांनी नखानं दाबली, फुस्स करून हवा आली. "टाकीचं रबरी पोट फाटलेलं नाही," ते म्हणाले. वीज तपासली, तीही ठीक.

"मी सांगते ना, तिच्या बोअरनं माझी विहीर ओढून घेतली!"

पोनिजान उठले. त्यांनी दोरीला दगड बांधला. विहिरीला तोंड असं उरलंच नव्हतं. आई गेल्यावर वागियेमनं त्यावर कोबा घालून घेतला होता, आणि पाइप जाईल एवढंच वाटीभर भोक ठेवलं होतं. त्या भोकातून दोरी खाली गेली, गेली, आणि डुबुक वाजलं. त्यांनी दोरी वर घेऊन हातांनी मोजली.

"नऊ हात. गेल्या वर्षी या महिन्यात मीच मोजलं होतं, तेव्हाही नऊच. तुमचं पाणी जागेवर आहे, बु."

"दोरी ओली होऊन लांबली असेल."

"दोरीसुद्धा तिकडची का?"

भिंतीपलीकडून कुणीतरी हसू गिळल्याचा आवाज आला. वागियेमच्या मानेची शीर ताठ झाली.

भांडण जुनं नव्हतं, पण मुरलेलं होतं. आईचे चाळीस दिवस झाले नव्हते, आणि रुसमिनीनं आपल्या वाटणीच्या अंगणात बोअर मारली. आई मातीत निजलेली आणि हिनं मातीलाच भोक पाडलं. यंत्र घुमत होतं, इकडे प्रार्थनेचे शब्द बुडत होते. वागियेमनं त्याच महिन्यात भिंत बांधली. आणि भिंतीपेक्षा वाईट एक गोष्ट केली.

त्या मुलखात बोलीला पायऱ्या आहेत. थोरलीनं धाकटीला 'तू' म्हणायचं, धाकटीनं थोरलीला 'यू' म्हणून हाक मारायची आणि 'तुम्ही' म्हणायचं. वागियेमनं त्या दिवसापासून धाकटीला 'आपण' म्हणायला सुरुवात केली. कचेरीतल्या साहेबाला म्हणतात तसं. शिव्या रुसमिनीनं झेलल्या असत्या, लहानपणापासूनची सवय होती. पण 'आपण' तिला सोसलं नाही. तो शब्द म्हणजे दार लावून वर कडी घालणं.

पोनिजाननी पाइप ओढायला घेतला. वागियेमनं दुसऱ्या टोकाला हात लावला. बारा हात काळा पाइप अंगणभर अजगरासारखा पसरला, आणि शेवटी त्याच्या बुडाचा फूटवॉल्व्ह, चढलेलं पाणी परत उतरू न देणारी जाळीची झडप, त्या भोकातून खरचटत वर आला. पोनिजाननी तो उन्हात धरला.

जाळीवर बोटभर जाड लगदा होता. पांढुरका, चिकट. त्यांनी बोटानं खरवडला, नाकाशी नेला आणि वागियेमपुढे धरला.

सोयाबीनची टरफलं.

"झडप मिटतच नाही. ही मध्ये अडकलीत. पंपानं ओढलेलं निम्मं पाणी परत खाली. बु, तुम्ही सोयाबीन धुता कुठे?"

"इथंच. कोब्यावर."

"आणि धुवण जातं कुठे?"

"जातं कुठेतरी."

"आधी कुठे जायचं?"

वागियेमनं हनुवटीनं भिंत दाखवली. आईच्या वेळची पन्हळ रुसमिनीच्या अंगणातून ओढ्याला जायची. आता ती भिंतीच्या पायाशी येऊन थांबली होती. तिथं टरफलांचा थर साचला होता, आणि तुंबलेलं धुवण मागे फिरून कोब्यावर, तिथून वाटीएवढ्या भोकात.

"भिंत कुणी घातली?" पोनिजाननी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.

"पंप दुरुस्त करायला बोलावलंय, वंशावळ लिहायला नाही."

त्यांनी जाळी धुतली. म्हणजे वागियेमच्या पिण्याच्या घागरीतलं शेवटचं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. झडप उघडून मिटवून पाहिली, पाइप पुन्हा खाली सोडला, पंपाच्या डोक्यावरचं बूच काढलं आणि हात पुसत म्हणाले, "झालं. आता पाण्याला गळ घालायची. दोन बादल्या आणा."

गळ घालणं म्हणजे वरून पाणी ओतून खालचं पाणी ओढणं. पाण्याचं आमिष पाण्यालाच. पाइपात हवा असली की पंप नुसता ओरडतो, चढत नाही. आई रहाटाच्या काळातली. तीही पहिली बादली काढली की ओंजळभर परत विहिरीत सोडायची आणि गुणगुणायची,

पहिली गं ओंजळ देते, मातीच्या उदरा,
दुसरी मागून घेते, लेकींच्या पदरा.

वागियेमनं जन्मात कुणाला गळ घातली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही, म्हणून तर तो समुद्रापलीकडे गेला तो गेलाच.

न्हाणीची टाकी कोरडी होती, घागर आता पालथी. तिनं पिंपातलं सोयाबीनचं पाणी डावानं उचललं.

"हे पाणी नाही का?"

"हे ओताल तर पंप फेसाळेल, बु. नळातून थेट टेंपेच यायचे."

मग तिनं दोरीला बाटली बांधून भोकातून सोडली. बाटली पाण्यावर तरंगत राहिली, आणि वर आली तेव्हा तिच्यात चूळ भरण्याएवढं पाणी होतं. तिनं पुन्हा सोडली.

"असं केलंत तर परवा उजाडेल. मी पलीकडून मागून आणू का? सगळी वाडी तिच्याच नळावर भरते सध्या."

"माझ्या घरासाठी तुम्ही त्या दारात गेलात तर तुमचे पाने या अंगणात राहतील, आणि तुम्ही चालत घरी जाल."

"यू," भिंतीवरून आवाज आला.

रुसमिनी पालथ्या उखळावर चढली असणार, कारण ती ठेंगणी होती आणि आता खांद्यापर्यंत दिसत होती. केसांना टॉवेल, भिंतीच्या काठावर भरलेली लाल बादली. तिच्या कडेवरून पाणी भिंतीच्या या अंगाला ओघळत होतं, आणि वागियेमचे डोळे नको नको म्हणत त्या ओघळामागून खाली येत होते.

"पाणी हवंय का, यू?"

"आपण कशाला तसदी घेता."

रुसमिनीनं मागे वळून पाहिलं. "कोण 'आपण'? माझ्यामागे कुणी उभंय का?"

"आपल्यासारख्या मोठ्या बोअरवाल्यांना आमच्यासारख्यांचं काय."

"हे बघा, बादली भरलेली आहे. पण 'आपण'ला मी पाणी देत नाही. परक्या बाईला पाणी हवं असेल तर तिनं पुढच्या दारानं यावं, चपला काढाव्या, वाडीतल्या बायकांच्या मागे रांगेत उभं राहावं. माझ्या बहिणीला हवं असेल तर तिनं म्हणावं, 'दे'. एवढंच. एक अक्षर. तेही जड जात असेल तर राहू दे."

पोनिजाननी कानावरची सिगारेट काढली आणि पेटवली. ते घाईत नव्हते.

"द्यावं," वागियेम म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"देण्यात यावं."

"कचेरीत या मग, अर्ज घेऊन."

पिंपातला एक बुडबुडा फुटला. वास आता कोवळा राहिला नव्हता. वागियेमनं दात आवळले. तिच्या जिभेवर ते एक अक्षर माशाच्या काट्यासारखं आडवं बसलं होतं. गिळवत नव्हतं, थुंकवत नव्हतं.

"नको असेल तर नको," रुसमिनी बादलीला हात घालत म्हणाली. "आईच्या हजाराव्याला बाजारातले आणा. कागदात गुंडाळलेले मिळतात, आत पपईचा चोथा घातलेले. लोक खातील. आई तरी कुठे चाखायला आहे?"

"भवाने!"

पोनिजानच्या हातातली सिगारेट पडली.

"आईचं नाव घेतेस? तू? चाळीस दिवस झाले नव्हते तिला, आणि तू जमिनीत यंत्र घुसवत होतीस! लाज नाही वाटली तुला? आणि आता माकडिणीसारखी भिंतीवर चढून मला एकेक अक्षर शिकवतेस? लहानपणी 'विहीर' म्हणता येत नव्हतं तुला, 'विईल' म्हणायचीस, मी शिकवलं! उतर खाली, उखळ गडगडेल, मोडशील तंगडी! आणि दे ती बादली इकडे!"

पलीकडचा नळ कुणीतरी बंद केला.

मग रुसमिनीनं बादली उचलली आणि उलटी केली. निम्मं पाणी वागियेमच्या डोक्यावर, खांद्यावर, छातीवर कोसळलं. उरलेली निम्मी बादली तिनं वाकून बहिणीच्या हातात दिली.

"अर्धी पंपाला, अर्धी तुम्हाला. दोन्ही तापले होते."

वागियेमनं डोळ्यांवरचं पाणी पुसलं. "सटवी."

"आणि ऐका. चाळिसाव्याला अडीचशे माणसं जेवली. तुमची विहीर त्या आठवड्यात तळाला गेलेली. भात कुणाच्या पाण्यात शिजला?"

त्या दिवशी भिंत नव्हती. एक निळी नळी त्या अंगणातून या अंगणात आली होती, आणि वागियेमनं भांडी भरून घेतली होती. हे तिला अडीच वर्षं ठाऊक होतं, आणि अडीच वर्षं तिनं त्यावर कोबा घालून ठेवला होता.

"बोलून झालं असेल तर दुसरी बादली आण," ती म्हणाली.

दुसरी आली. पोनिजान बुचाच्या भोकातून हळूहळू ओतत गेले. पाणी काठाला आलं, बुडबुडे निघाले, थांबले. झडप आता घट्ट मिटली होती, पाणी खाली उतरलं नाही. त्यांनी बूच आवळलं, बटण दाबलं. पंपानं आधी घसा खाकरला, मग त्याचा आवाज जड झाला, भरलेल्या गाडीसारखा. काटा थरथरत उठला आणि नळाच्या तोंडून पाणी असं सुटलं, की खाली ठेवलेलं घमेलं सरकत गेलं.

वागियेम तशीच ओल्या कपड्यानं पिंपाशी बसली आणि दोन्ही हातांनी सोयाबीन चोळू लागली. टरफलं फुलपाखरांच्या पंखांसारखी वर तरंगली.

"इथं धुवाल तर महिन्याभरात मी पुन्हा येईन," पोनिजान हत्यारं आवरत म्हणाले. "भिंतीला बुडाशी भोक पाडा."

ती उठली, कोपऱ्यातली पहार घेतली आणि पन्हळ जिथं थांबत होती तिथं घातली. तिसऱ्या घावाला वीट निखळली.

"काय पाडताय?" पलीकडून ओरडा आला.

"तुझं डोकं नाही. घाबरू नकोस."

धुवण अडखळलं, मग त्याला वाट सापडली आणि टरफलांसकट ते भिंतीखालून पलीकडे गेलं.

"माझ्या अंगणात घाण!"

"आधी यायची तीच. तेव्हा नाक नव्हतं का तुला?"

"माझ्या दोन बादल्या द्या परत!"

"परवा ये आणि घेऊन जा. पहाटे ये. पानं पुसायला हात कमी आहेत. उशीर केलास तर दोन्ही चुलीत घालीन."

"प्लास्टिकच्या आहेत. घर धुरानं भरेल."

"भरू दे," वागियेम म्हणाली, आणि तिनं नळ आणखी मोठा केला.